टीका उमेदवारावर, आरोप माझ्यावर

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

सप्रेम नमस्कार. मी आणि माझी धाकटी बहीण लहानपणापासून राजकारणावर वाद घालत आलो आहोत. आजवर कधी अबोला झाला नव्हता. या निवडणुकीत ती एका महिला उमेदवाराच्या प्रचारात आहे. बाई एकदा निवडून आल्या आहेत, आता दुसऱ्यांदा उभ्या आहेत. घरी चार माणसं जमली असताना मी म्हणालो, या वेळी त्यांना मत देणं मला जड जातंय. तीन कारणं सांगितली. मागच्या वेळी दिलेलं पाण्याचं आश्वासन त्यांनी पाळलं नाही. मिळालेला निधी कुठे खर्च झाला, असं सभेत विचारलं की उत्तर देत नाहीत. आणि एकूणच फार तोऱ्यात वागतात. (तेवढ्यात एक मित्र काहीतरी फालतू बोलला, 'बायकांच्या हातात कारभार दिला की असंच व्हायचं' वगैरे. लोक हसले. तो विषय वेगळा.) बहीण उठली आणि म्हणाली, 'दादा, त्यांच्या जागी पुरुष असता तर तू हे बोलला असतास? तुला बाई वर गेलेली बघवत नाही, हे कबूल कर.' निघून गेली, तेव्हापासून फोन उचलत नाही. मला फार लागलंय. माझ्या मुलीला मी कधी कशाला अडवलं नाही. ऑफिसात माझी वरिष्ठ बाईच आहे आणि आमचं उत्तम जमतं. बाई उमेदवार असली की टीकाच करायची नाही का? मी माफी मागू, की कागदपत्रं दाखवून तिला गप्प करू, की मतदान होईपर्यंत स्वतःच गप्प बसू?
(नाव छापू नये)

नमस्कार.

तुमच्या सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. टीका करायची. मत मागायला आलेल्या माणसानं तपासणीची तयारी ठेवूनच यायचं असतं. शब्द पाळला का आणि पैसा कुठे गेला, हे प्रश्न कुणालाही विचारता येतात. समोर बाई आहे म्हणून ते गिळून टाकणं हाही तिचा अपमानच आहे.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय आणि वर 'तो विषय वेगळा' असं म्हणून मोकळे झालात. मला तसं वाटत नाही. क्रम पाहा ना. तुम्ही तीन आक्षेप सांगितलेत, त्यातला शेवटचा तोऱ्याचा. त्याला लागूनच मित्राचा शेरा आला. लोक हसले. तुम्ही हसलात की नाही हे लिहिलं नाहीत. हसला नसाल असं धरून चालते. पण बोललातही नाहीत. बहिणीच्या कानावर पाणी आणि निधी हे शब्द पडले, मग तोरा, मग तो शेरा, मग हशा आणि शेवटी भावाचं गप्प बसणं. इतकं सगळं एका दमात ऐकल्यावर कुठला शब्द कुणाचा, हे निवडत कुणी बसत नाही. तिचा राग त्या अख्ख्या बैठकीवर होता, पावती तुमच्या नावानं फाडली गेली. तुम्ही घरातले, म्हणून तुमच्याकडून अपेक्षा जास्त.

यावरून तिचा आरोप खरा ठरतो का? जसाच्या तसा नाही. 'तुला बाई वर गेलेली बघवत नाही' हे तुमच्या मनात डोकावून बोलणं झालं आणि तो हक्क सख्ख्या बहिणीलाही नाही. शिवाय पाण्याचं काय झालं, हा प्रश्न या वाक्यानं जागचा हलत नाही. नळाला पाणी येतं किंवा येत नाही. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे त्यानं पाण्याला फरक पडत नाही.

तोऱ्याचं मात्र तसं नाही, आणि इथे मला तुम्हाला जरा थांबवायचंय.

आश्वासन तपासता येतं, हिशोब मागता येतो. तोरा मोजायला पट्टी कुठे आहे? तो ज्याला जाणवतो त्याच्या नजरेत असतो. टायलर ओकिमोटो आणि व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एका काल्पनिक राजकारण्याची माहिती लोकांपुढे ठेवली. मजकूर तोच, फक्त काहींना तो पुरुषाच्या नावानं दिला आणि काहींना बाईच्या. या व्यक्तीला सत्तेची आस आहे असं त्यात लिहिलेलं असलं की बाईला मत द्यायची लोकांची तयारी कमी व्हायची, तिच्याबद्दल चीड आणि तिटकाराही वाटायचा. पुरुषाला त्याच वाक्याचा काही तोटा होत नव्हता. आणि हे उत्तर देणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही तसंच होतं. तेव्हा हा फक्त पुरुषांच्या खोडीचा मामला आहे, असं समजून तुमच्या बहिणीनंही निर्धास्त राहू नये.

एवढ्यावरून तुम्ही दोषी ठरत नाही. बाई खरोखरच तोऱ्यात वागत असतील. गर्व काही एकाच लिंगाला वाटून दिलेला नाही. मी तुम्हाला एवढंच विचारते की, तोरा म्हणजे त्यांनी नेमकं केलं काय? प्रश्न विचारणाऱ्याला भर सभेत खाली बसवलं? भेटायला आलेल्यांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं? असं काही असेल तर ते सांगा, ते वर्तन आहे, कधी आणि कुठे घडलं ते सांगता येईल, त्यावर कुणाला हरकत घेता येणार नाही. पण आठवून आठवून हाती फक्त त्यांचा चढा आवाज, ताठ मान आणि लोकांना मध्येच तोडून बोलायची सवय एवढंच लागलं, तर तो मुद्दा सोडून द्या. हीच लक्षणं पुरुष पुढाऱ्यात दिसली की आपण 'दबदबा आहे बुवा' म्हणतो. माझा अंदाज असा की तुमचा तिसरा मुद्दा सुटेल आणि तो सुटल्यावर पहिले दोन जास्त वजनदार होतील. कच्चा मुद्दा जोडीला असला की समोरचा नेमका तोच पकडतो आणि पक्के मुद्दे त्याच्या आड राहून जातात. तुमच्या घरी दुसरं काय झालं?

आता 'पुरुष असता तर?' या प्रश्नाबद्दल. तो टोमणा म्हणून आला, पण प्रश्न म्हणून फार कामाचा आहे. चार्ल्स लॉर्ड, मार्क लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की, लोकांना 'निःपक्षपातीपणे विचार करा' असं नुसतं सांगून फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी 'निष्कर्ष नेमका उलटा आला असता तर तुम्ही पुराव्याकडे याच नजरेनं पाहिलं असतं का?' असं विचारायला लावलं, तर पक्षपात खरोखर कमी होतो. बहिणीचा प्रश्न याच जातीचा आहे.

फक्त त्याचं उत्तर झटक्यात देऊ नका. 'हो, असतोच बोललो!' हे उत्तर आपण सगळेच देतो आणि मनापासून देतो, म्हणून तर ते बिनकामाचं. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांचा २००५ चा एक प्रयोग आहे. पोलीसप्रमुखाच्या जागेसाठी अर्जदार, कधी पुरुष तर कधी बाई. कधी त्याच्याजवळ रस्त्यावरच्या कामाचा अनुभव, कधी शिक्षण. पुरुष अनुभवी दाखवला की लोक म्हणायचे, या कामाला अनुभवच लागतो. पुरुष शिकलेला दाखवला की लोकांना शिक्षणाचं महत्त्व पटायचं. 'बाई नको' असं कुणीही म्हटलं नाही; मोजायची पट्टी तेवढी बदलत गेली. आणि आपण अगदी वस्तुनिष्ठ आहोत असं ज्यांना सगळ्यात ठामपणे वाटत होतं, त्यांच्यातच हा कल जास्त दिसला. उपायही त्याच प्रयोगात सापडला. अर्जदार कोण हे कळायच्या आधी निकष ठरवून घ्यायला लावले, तेव्हा तो भेदभाव राहिला नाही.

तुम्हाला आता निकष आधी ठरवता येणार नाहीत, बाई तर समोर आहेत. पण मागे वळून पाहता येईल. याआधी ज्या पुरुष उमेदवारांना मत दिलंत ते आठवा. त्यांनी कुठलं आश्वासन दिलं होतं? ते पुरं झालं का? निधीचा हिशोब त्यांना कधी विचारलात? विचारला असेल तर छाती ठोकून बहिणीला सांगा. विचारला नसेल, आणि माझा अनुभव असा की बहुतेकांनी विचारलेला नसतो, तर हा निकष तुमच्यासाठी नवा आहे, हे स्वतःशी मान्य करा. निकष नवा आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही. यापुढे तो सगळ्यांना लावावा लागेल, एवढंच.

आणि हो, त्या प्रयोगाची दुसरी बाजू बहिणीसाठी आहे. संशोधकांनी नंतर स्त्री-अभ्यासाच्या प्राध्यापकाच्या जागेसाठी हाच खेळ मांडला, तेव्हा लोकांनी बाईच्या सोयीनं निकष वाकवले. आपल्या उमेदवाराजवळ जे आहे तेच महत्त्वाचं वाटू लागणं, ही प्रचारातल्या प्रत्येकाची खोड असते. पाणी आलं नाही हे तिलाही ठाऊक असणार.

तुम्हा दोघांचा गोंधळ, मला विचाराल तर, एकाच जागी होतोय. टीकेमागे पूर्वग्रह आहे का आणि टीका बरोबर आहे का, हे दोन प्रश्न तुम्ही एक करून बसलात. तिला वाटतं, पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की दुसऱ्याचं आपोआप 'नाही' येतं. तुम्हालाही तेच वाटतंय, म्हणून तर कागदपत्रांची बाडं काढायला निघालात. पाणी आलं नाही हे सिद्ध झालं की आपण पूर्वग्रहातून सुटलो, असा तुमचा हिशोब. दोन्ही हिशोब चुकतात.

इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या तेव्हा राममनोहर लोहियांनी त्यांना 'गूंगी गुडिया' म्हटलं. त्या शब्दात धोरण नव्हतं, काम नव्हतं, फक्त बाई होती. पुढे जून १९७५ मध्ये त्यांनी आणीबाणी लादली, विरोधकांना तुरुंगात टाकलं, वृत्तपत्रांवर नियंत्रण आणलं. त्यावर झालेली टीका पूर्णपणे योग्य होती आणि तिला बाईपणाशी काही देणंघेणं नव्हतं. आता आणीबाणीवर टीका करणाऱ्यांपैकी कुणी कधी 'गुडिया' शब्दावर हसला असेल, तर त्यानं आणीबाणी बरोबर ठरते का? आणि आणीबाणी चूक होती म्हणून 'गुडिया' हा शब्द शोभून दिसतो का?

दुसरं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि म्हणूनच मला आवडतं. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या महिला पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड. २०१० च्या निवडणुकीआधी त्या म्हणाल्या होत्या, माझ्या सरकारात कार्बन कर, म्हणजे हवेत कार्बन सोडण्यावरचा कर, येणार नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी कार्बनवर किंमत लावायची योजना जाहीर केली. विरोधकांनी त्यांना धारेवर धरलं, ते रास्तच होतं. पण २०११ मध्ये कॅनबेराला संसदेसमोर त्या योजनेविरुद्ध जी निदर्शनं झाली, तिथे त्यांना 'चेटकीण' म्हणणारे फलक होते आणि विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट त्या फलकांसमोर उभे राहून भाषण करत होते. प्रश्न खरा आणि फलक किळसवाणे, दोन्ही एकाच आवारात. तुमच्या बैठकीत हेच लहान प्रमाणात घडलं.

पुढे ९ ऑक्टोबर २०१२ ला गिलार्ड यांनी अ‍ॅबट यांना संसदेत उभं-आडवं घेतलं. स्त्रीद्वेष म्हणजे काय हे पाहायचं असेल तर यांनी आरसा पाहावा, अशा अर्थाचं ते भाषण जगभर गाजलं. आजही ऐकण्यासारखं आहे. पण ते झालं कुठल्या चर्चेत? सभापती पीटर स्लिपर यांनी बायकांबद्दल अश्लील संदेश पाठवल्याचं उघड झालं होतं, त्यांना हटवण्याचा ठराव अ‍ॅबट यांनी आणला होता आणि गिलार्ड त्या ठरावाच्या विरोधात बोलत होत्या. ठराव ७० विरुद्ध ६९ मतांनी पडला, स्लिपर यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. म्हणजे अ‍ॅबट यांच्यावरचा आरोप खरा होता आणि त्याच भाषणानं एक अवघड प्रश्न बाजूलाही सारला. दोन्ही एकदम.

आरोपाची निखळ ढाल कशी असते तेही सांगते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी क्लॅरेन्स थॉमस यांचं नाव पुढे आलं. अ‍ॅनिटा हिल यांनी त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. थॉमस यांनी तो नाकारला आणि या सुनावणीला आपल्यासारख्या कृष्णवर्णीय माणसाचं 'लिंचिंग', म्हणजे जमावानं ठार मारणं, म्हटलं. समोरच्या समितीतले चौदाही जण गोरे पुरुष होते, त्यांना तो शब्द झोंबणं साहजिक होतं. पण आरोप करणारी बाई स्वतः कृष्णवर्णीय होती, हे त्या शब्दाआड झाकलं गेलं. ५२ विरुद्ध ४८ मतांनी थॉमस न्यायाधीश झाले. पूर्वग्रहाचा आरोप खरा की नुसती ढाल, हे ओळखायला मी एकच गोष्ट पाहते, आरोप करून झाल्यावर मूळ प्रश्नाचं उत्तर येतं का. तुमच्या बाईंना ही कसोटी जरूर लावा. सभेत निधीबद्दल विचारल्यावर त्या 'मी बाई आहे म्हणून विचारता' असं म्हणतात आणि मग हिशोबही देतात, तर ठीक. नुसतंच पहिलं वाक्य येत असेल तर नाही.

बहिणीला मात्र ही कसोटी लावू नका. ती उमेदवार नाही, तिच्याकडे निधीचा हिशोब नाही. ती तुमच्यावर रागावलीय आणि तो राग निवडणुकीपेक्षा जुना असण्याची शक्यता मला दिसते. घरात, कामावर तिनं असे शेरे किती वेळा ऐकले असतील आणि किती वेळा तिच्या बाजूनं कुणी बोललं असेल, हे तुम्हीच जाणा.

तेव्हा कागदपत्रं घेऊन जाऊ नका. मुलगी आणि वरिष्ठ बाई यांनाही साक्षीला आणू नका. तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटत नाही, पण ही प्रशस्तिपत्रं उपयोगाची नसतात. बेनॉइट मोनिन आणि डेल मिलर यांनी २००१ मध्ये मांडलं की, आपण भेदभाव करत नाही हे एकदा सिद्ध करून झालं की माणूस पुढच्या निर्णयात सैलावतो, भेदभाव करायला जास्त मोकळा होतो. आणि ऐकणाऱ्याला ते निव्वळ पळवाट वाटते.

माफी मागा, पण कशाची ते नीट ठरवून. आश्वासनावर बोललात त्याची मुळीच नको. उद्या वाद मिटावा म्हणून 'माझं सगळंच चुकलं' म्हणालात तर ते तिलाही खोटं वाटेल आणि तुम्ही पुढची दोन वर्षं मनात कुढत बसाल. माफी त्या शेऱ्याच्या वेळी गप्प बसलात त्याची. संदेश पाठवून नाही, समोर जाऊन. तुमचे शब्द तुम्ही निवडा, पण साधारण असं: 'त्या दिवशी तो शेरा मारला गेला तेव्हा मी त्याला अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही, ते चुकलं. तोऱ्याचं बोललो तेही तपासून पाहिलं, त्यात दम नव्हता. पाण्याचं आणि निधीचं मात्र मी मागे घेत नाही, ते मी कुणालाही विचारीन. आता तू सांग, तुला माझ्या बोलण्यात नेमकं काय खटकलं?' आणि मग खरंच ऐका. ती बोलत असताना मनात उत्तर जुळवत बसू नका, भावंडांना ते लगेच कळतं.

ती कदाचित म्हणेल, 'नेमकं एक असं नाही, तुझा सूरच तसा होता.' ही सगळ्यात अवघड शक्यता. सुरावर वाद घालू नका. तिला एखादं उदाहरण विचारा. दिलं तर त्यावर विचार करा, नाही दिलं तर 'लक्षात ठेवतो' म्हणून थांबा. आणि सगळं करूनही ती म्हणाली की टीका करणारे सगळे बायकांचे वैरीच, तर शांतपणे सांगा की हे मला मान्य नाही. तुमचा निम्मा मुद्दा पटूनही ती प्रचाराला जाईलच. जाऊ दे. प्रचारातल्या माणसाला मतदानाआधी मन बदलायला लावणं हे तुमचं काम नाही.

त्या मित्राशी मात्र बोला, तेही बहिणीला जाऊन सांगण्यासाठी नाही. 'माझा बाईंना विरोध आहे, तुझ्या कारणासाठी नाही' एवढं एकदा स्पष्ट म्हणून टाका. तुमच्या टीकेला जे टाळ्या देतात ते कशासाठी देतात, यावर तुमचा ताबा नसतो. त्या टाळ्या नाकारणं मात्र तुमच्या हातात असतं.

मतदान होईपर्यंत गप्प बसू का, असं विचारलंत. नका बसू. पुढच्या सभेला जा, प्रश्न लिहून न्या, एका वाक्याचा. आश्वासन कधी दिलं होतं, निधी किती होता, हे त्यात येऊ द्या. तोरा, स्वभाव, घराणं यांतलं काही येऊ देऊ नका. बाईंच्या विरोधात कोण उभं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांनी याआधी कुठलंही पद भूषवलं असेल, तर तोच कागद घेऊन त्यांच्याही सभेला जा.